फॅरडेची मेणबत्ती

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत मेणबत्तीवरील एका पुस्तकाचें परीक्षण यावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. रसायनशास्त्राच्या ग्रंथाचा विचार रसायनशास्त्रज्ञांनीं करावा. काव्य, नाटक आणि कादंबरी यांत आयुष्य घालविलेल्या इंग्रजीच्या प्राध्यापकानें त्यांत कां पडावें, असा प्रश्न ते करतील, व तो अगदींच गैरवाजवी आहे असें मला म्हणवत नाहीं. तथापि मायकेल फॅरडेचें ‘द केमिकल हिस्टरी ऑफ ए कँडल’ हें पुस्तक ज्यानें एकदां वाचलें, त्याच्यापुरता तरी हा प्रश्न फार वेळ टिकणार नाहीं. शास्त्रीय ग्रंथ साधारणतः जुना झाला कीं मरतो. त्यांतील सत्य पुढील ग्रंथांत जातें आणि ग्रंथ अडगळींत जातो. हें पुस्तक प्रसिद्ध होऊन दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं, त्यांतील परिभाषा जुनी झाली, तरी तें वाचलें जात आहे. जें पुस्तक आपल्यांतील माहितीपेक्षां अधिक जगतें, त्यांत माहितीहून निराळें असें कांहीं असलेंच पाहिजे. आणि तें काय आहे हें पाहणें हें टीकाकाराचेंच काम होय.

तें काम करतांना मला या पुस्तकाचा एक मोठा गुण आणि एक मोठी उणीव दाखवावयाची आहे. गुण असा कीं, जळणें म्हणजे काय हें तें नुसतें सांगत नाहीं, पाहावयास लावतें. उणीव अशी कीं, ज्या अग्नीचें तें वर्णन करतें तो सर्वस्वीं माणसाळलेला अग्नि आहे. मोकाट सुटलेल्या अग्नीविषयीं त्यांत फारसें कांहीं येत नाहीं. गुणाविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. उणिवेविषयीं लिहिणें मला अधिक अगत्याचें वाटतें, कारण तिचा संबंध नुसत्या पुस्तकाशीं नसून माणसांच्या जिवाशीं आहे.

पुस्तकाची जन्मकथा थोडक्यांत सांगतां येईल. फॅरडे हा एका लोहाराचा मुलगा. जन्म १७९१ सालचा. पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारी करतांना, बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचूं लागला. १८१२ सालीं सर हंफ्रे डेव्ही याचीं व्याख्यानें ऐकून त्यानें त्यांचीं टिपणें केलीं, तीं स्वतःच्या हातानें बांधून डेव्हीकडे पाठविलीं, आणि पुढच्याच वर्षीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें डेव्हीचा मदतनीस म्हणून त्याला जागा मिळाली. त्या संस्थेंत नाताळच्या दिवसांत मुलांसाठीं व्याख्यानें देण्याची प्रथा १८२५ पासून आहे. फॅरडेनें अशा एकोणीस माला गुंफल्या. मेणबत्ती हा विषय त्यानें १८४८ च्या नाताळांत घेतला, व १८६० च्या नाताळांत पुन्हा घेतला. दुसऱ्या वेळचीं सहा व्याख्यानें विल्यम क्रुक्स यानें संपादित करून १८६१ मध्यें प्रसिद्ध केलीं. तेंच हें पुस्तक. म्हणजे हें पुस्तक लिहिलेलें नव्हे, बोललेलें आहे; आणि बोलणारा सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेला, विद्यापीठाची पायरी कधीं न चढलेला, परंतु आपल्या काळांतील प्रयोगशास्त्रज्ञांचा अग्रणी असा पुरुष आहे.

शास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत प्रथम व्याख्या येते, मग नियम, आणि शेवटीं जागा उरल्यास उदाहरण. फॅरडे हा क्रम उलटा करतो. तो आरंभीं मेणबत्त्याच पुढें मांडतो: चरबीची, देवमाशाच्या तेलापासून काढलेल्या मेणाची, पॅराफिनची, जपानांतून आलेल्या मेणाची. मग एक साधा प्रश्न. मेण घट्ट आहे, ज्योत वर आहे, दोघांची गांठ पडते कशी? उत्तर देण्यापूर्वीं तो वातीच्या बुडाशीं झालेल्या वाटीकडे बोट दाखवितो. ज्योतीच्या उष्णतेनें मेणबत्तीच्या भोंवतालची हवा वर चढूं लागते. हा वर जाणारा थंड प्रवाह मेणाचा कांठ गार ठेवतो, आणि मधलें मेण तेवढें वितळतें. या कांठामुळेंच वितळलेलें मेण सांडत नाहीं. शोभेसाठीं नक्षीदार, पन्हळी काढलेल्या मेणबत्त्या दिसावयास सुरेख, परंतु त्यांच्याभोंवतीं हा प्रवाह एकसारखा वाहत नाहीं, म्हणून त्यांची वाटी बिघडते व मेण ओघळतें. उत्तम दिसणारी वस्तु ती उत्तम नव्हे, उत्तम काम देणारी ती उत्तम, हा निष्कर्ष फॅरडे येथें सहज सांगून जातो. माझ्या मतें तो त्याच्या गद्यशैलीलाही लागू आहे. त्याच्या वाक्यावर नक्षी नाहीं, म्हणूनच त्याचा अर्थ सांडत नाहीं.

वितळलेलें मेण वातींतून वर कसें चढतें, हें तो मिठाचा एक खांब निळ्या पाण्यांत उभा करून दाखवितो. पाणी खांबांतून डोळ्यांदेखत वर चढतें. आमच्या घरांतील समईंत तेल वातींतून वर येतें तें असेंच. परंतु खरी कथा यापुढें आहे. मेणबत्ती अलगद विझविली म्हणजे वातींतून धुराची एक रेघ निघते. पेटती काडी त्या रेघेला, वातीपासून दोन तीन इंच दूर, लावली कीं ज्योत त्या रेघेवरून धांवत येऊन वात पुन्हा पेटविते. दुसऱ्या व्याख्यानांत तो वांकविलेली कांचेची नळी ज्योतीच्या मधल्या काळसर भागांत धरतो. नळींतून एक जड वाफ पलीकडे वाहूं लागते, आणि तेथें काडी लावतांच नळीच्या टोंकाशीं दुसरी ज्योत उभी राहते. मेण जळत नाहीं, वातही मुख्यतः जळत नाहीं. जळते ती मेणाची वाफ, आणि तीही जेथें हवेशीं तिचा संयोग होतो तेथेंच. ज्योतीचा गाभा पोकळ आहे. ज्योतीच्या आडवा कागद धरून तो क्षणभरांत काढून घेतला तर त्यावर डाग पडतो तो गोल ठिपक्याचा नव्हे, कड्याचा.

येथें मला आपल्या न्यायशास्त्राची आठवण होते. अनुमानाचें त्यांतील ठरलेलें उदाहरण धूर आणि अग्नि हेंच आहे. डोंगरावर धूर दिसतो, अर्थात् तेथें अग्नि आहे. नैयायिकांनीं एक मार्मिक गोष्टही हेरली होती: धूर तेथें अग्नि हें खरें, पण अग्नि तेथें धूर हें खरें नव्हे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धूर निघावयास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. ज्यांनीं हें लिहिलें त्यांनीं चुलीजवळ बसून डोळे चोळले असले पाहिजेत. निरीक्षणाचा अभाव त्यांच्या ठायीं मुळींच नव्हता. परंतु धूर त्यांना हवा होता तो अग्नीची खूण म्हणून. खूण पटली कीं तिचें काम संपलें. धूर स्वतः काय आहे, या प्रश्नाशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. फॅरडे त्या धुरालाच पेटती काडी लावतो. तर्क आणि प्रयोग यांतील अंतर सांगण्यासाठीं मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. तें या एका कृतींत जितकें स्पष्ट होतें तितकें अन्यत्र क्वचितच होत असेल.

तिसऱ्या आणि चौथ्या व्याख्यानांत मात्र कथानक सैल पडतें, हें मान्य केलें पाहिजे. ज्योतीवर थंड भांडें धरलें म्हणजे त्यावर पाणी जमतें, ही गोष्ट मोठी आश्चर्याची. परंतु तेथून फॅरडे पाणी, हायड्रोजन आणि विद्युत् यांच्या प्रांतांत इतका दूर जातो कीं मेणबत्ती बराच वेळ विस्मृतींत पडते. प्रत्यक्ष सभागृहांत प्रयोगांच्या लखलखाटानें ही उणीव झांकली गेली असेल. छापील पानावर ‘हें पाहा’ असें म्हटल्यावर पाहावयास कांहींच नसतें. बोललेल्या पुस्तकाचा हा दोष अटळ आहे.

सहाव्या व्याख्यानांत तो सर्व धागे पुन्हा हातीं घेतो. चुन्याच्या निवळींत मेणबत्तीचा वायु सोडला तर निवळी दुधाळ होते. आपला श्वास सोडला तरीही तशीच होते. आपल्या शरीरांतही एक मंद ज्वलन अखंड चाललेलें आहे, ही कल्पना तो येथें इतक्या शांतपणें मांडतो कीं वाचक क्षणभर आपला श्वास रोखून धरतो. मराठी वाचकाला ही कल्पना भाषेनेंच अर्धी देऊन ठेविली आहे, कारण ऑक्सिजनला आम्ही प्राणवायु म्हणतों. परंतु या सुंदर शब्दानें आमचें एक नुकसानही केलें आहे. प्राण देणारा वायु म्हटल्यावर तो आगीचाही पोशिंदा आहे हें मनांतून निसटतें. १९६७ च्या जानेवारींत अमेरिकेंत अपोलो यानाची जमिनीवर चांचणी चालू असतां शुद्ध ऑक्सिजननें भरलेल्या कोठडींत आग लागली आणि तीन अंतराळवीर थोड्याच क्षणांत प्राणांस मुकले. जो वायु त्यांना जगविण्यासाठीं कोठडींत भरला होता, त्यानेंच ती आग भडकविली. फॅरडेनें मेणबत्ती आणि माणूस यांना एका ओळींत बसविलें तें केवळ काव्य नव्हतें.

आतां उणिवेकडे वळूं. व्याख्यानांच्या सोळा वर्षें आधीं, १८४४ च्या सप्टेंबरांत, डरहॅम परगण्यांतील हॅसवेल येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ९५ माणसें आणि मुलें मरण पावलीं. सरकारनें चौकशीसाठीं फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना पाठविलें. खाणींतील ज्वालाग्राही वायूनें स्फोटाला आरंभ केला हें उघड होतें. परंतु आधाराच्या खांबांवर बसलेला अर्धवट जळलेला कोळशाचा थर पाहून या दोघांनीं असें अनुमान केलें कीं, हवेंत उडालेल्या कोळशाच्या धुळीनेंही त्या आगीला खाद्य पुरविलें. हें अनुमान बरोबर होतें. पण त्याकडे पुढें कित्येक वर्षें द्यावें तितकें लक्ष दिलें गेलें नाहीं. १९०६ सालीं उत्तर फ्रान्समधील कूरिएरच्या खाणींत धुळीच्याच स्फोटानें १०९९ माणसें गेलीं.

त्या चौकशीच्या वेळची, लायलनें पुढें सांगितलेली, एक हकीकत आहे. खाणींत मेणबत्तीच्या उजेडांत काम चाललें असतां फॅरडेनें सहज विचारलें कीं, सुरुंगाची दारू कोठें ठेवतां? पिशवींत, तोंड घट्ट बांधून, असें उत्तर मिळालें. आणि पिशवी कोठें ठेवतां? तर ज्या मऊ आसनावर पाहुण्यांना मानानें बसविलें होतें तीच ती पिशवी! उघड्या मेणबत्तीजवळ, दारूच्या पिशवीवर, ज्वलनाचा सर्वांत मोठा ज्ञाता स्वस्थ बसला होता.

हा प्रसंग ज्याच्या आयुष्यांत घडला त्यानें मेणबत्तीवर सहा व्याख्यानें द्यावींत आणि त्यांत हॅसवेलचें नांवही येऊं नये, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. संधि नव्हती असें नाहीं. दुसऱ्या व्याख्यानांत तो लायकोपोडियम नांवाची वनस्पतीची बारीक पूड कांचेच्या नळींतून फुंकून दिव्याच्या ज्योतींतून उडवितो. प्रत्येक कण निराळा पेटतो, पण पाहणाऱ्याला एकच मोठा भडका दिसतो. हा हॅसवेलचा स्फोट होता, मुठीएवढा केलेला. लाकडाचा ओंडका काडीनें पेटत नाहीं, त्याच्या ढलप्या पेटतात, आणि त्याचा भुसा हवेंत उडाला तर भडका होतो. कारण वस्तु जितकी बारीक तितका तिचा हवेशीं संयोग अधिक. पिठाच्या गिरणींत, साखरेच्या कारखान्यांत, सुताराच्या भुशांतही हीच गोष्ट घडूं शकते. फॅरडे हें सर्व जाणत होता. पण मुलांना तो काय सांगतो? नाटकांत वीज चमकते ती अशी! आणि पुढें जातो.

नाताळच्या दिवसांत मुलांना मृत्यूच्या गोष्टी कशाला सांगाव्या, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. सणाच्या दिवसाला स्वतःचें एक औचित्य असतें, आणि फॅरडे औचित्य जाणणारा गृहस्थ होता. परंतु हॅसवेलला मेलेल्यांतही मुलें होतीं. शिवाय ज्या सभागृहांत तो बोलत होता तेथील श्रोत्यांनाही आगीचें भय परकें नव्हतें. त्या काळीं स्त्रिया पिंजऱ्यासारख्या सांगाड्यावर पातळ कापडाचे घेरदार झगे घालीत. कापड हलकें, आंत हवा भरपूर, जवळ उघडी शेगडी. पुस्तक प्रसिद्ध झालें त्याच वर्षीं, १८६१ च्या जुलैमध्यें, कवि लाँगफेलो याची पत्नी कपड्यांनीं पेट घेतल्यामुळें वारली, आणि तिला वांचवितांना कविही भाजला. फॅरडे आपल्या पहिल्या व्याख्यानांत चरबीपासून सुधारलेली मेणबत्ती करण्याचें श्रेय गे-ल्यूसॅक या फ्रेंच रसायनज्ञाला देतो. त्याच गे-ल्यूसॅकनें १८२१ सालीं, कापड सहजासहजीं पेटूं नये म्हणून तें कोणत्या क्षारांत भिजवावें, याचा अभ्यास केला होता. एका माणसाचीं हीं दोन कामें. पुस्तकांत एकच आलें. उजेडाचें आलें, आगीचें राहिलें.

माझ्या तक्रारीचें मूळ पुस्तकांत नाहीं, तें एका स्वैंपाकघरांत आहे, हें येथें कबूल करणें प्रामाणिकपणाचें होईल. मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला होतों. ज्वलनाची व्याख्या मला तोंडपाठ होती, व तिच्यावर मला पुरे गुण मिळाले होते. दिवाळीच्या आधींची संध्याकाळ होती. आई चकल्या तळत होती. ती कांहीं आणावयास आंतल्या खोलींत गेली तेवढ्यांत कढईंतील तेलानें पेट घेतला. मी धांवत जाऊन तांब्याभर पाणी घेतलें. तें मी कढईंत ओतणार तोंच आईनें मागून माझा हात धरला, स्टोव्ह बंद केला, आणि शेजारची पितळी परात उचलून कढईवर पालथी घातली. ज्वाला दोन क्षणांत विझली. आई चौथी इयत्ता शिकलेली. “पेटत्या तेलांत पाणी घालतात होय रे?” एवढेंच ती म्हणाली, आणि तेल पुरतें निवेपर्यंत तिनें परात उचलूं दिली नाहीं.

त्या तांब्यानें काय झालें असतें हें मला पुष्कळ वर्षांनीं, हें पुस्तक वाचतांना, खऱ्या अर्थानें कळलें. पेटलेलें तेल तीनशें अंशांहून अधिक तापलेलें असतें. पाणी शंभर अंशांवर उकळतें. पाणी तेलाहून जड, म्हणून तें तळाशीं जातें, व तेथें एकदम वाफ होऊन सुमारें सोळाशें पटींनीं फुगतें. ती वाफ पेटलेलें तेल थेंबाथेंबानें हवेंत उधळते. म्हणजे फॅरडेनें नळींतून फुंकलेल्या पुडीचाच प्रयोग, फक्त घरांत आणि अंगावर. आईच्या परातीनें हवा तोडली, स्टोव्ह बंद केल्यानें उष्णता तोडली. आग विझविण्याच्या साऱ्या विद्येचें सार एवढेंच आहे: इंधन, हवा आणि उष्णता या तिघांची संगत मोडणें. आईजवळ नियम होता, कारण नव्हतें. माझ्याजवळ व्याख्या होती, आणि ती वेळेला माझ्या हातांपर्यंत पोंचली नाहीं. फॅरडेच्या पुस्तकाजवळ कारण आहे. आणि ज्याला कारण दिसलें त्याला नवा प्रसंग आला तरी नियम स्वतः काढतां येतो.

उदाहरणार्थ, जळते ती वाफ, हें एक सत्य मनांत ठसलें म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. रॉकेलच्या उघड्या भांड्यांत, आपल्या नित्याच्या हवेंत, पेट घेण्याइतकी वाफ सहसा नसते. म्हणून त्याला वात लागते. पेट्रोलला वातीची गरज नाहीं. शून्याखालीं चाळीस अंशांच्या सुमारासही त्याची पेटण्याजोगी वाफ तयार असते. तेव्हां पेट्रोलजवळ काडी ओढणाऱ्याचें वैर डब्यांतल्या पेट्रोलशीं नसतें, भोंवतीं पसरलेल्या अदृश्य वाफेशीं असतें. घरोघरीं आलेल्या स्वैंपाकाच्या गॅसचेंही असेंच. तो मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचा बनलेला, हवेहून जड. सुटला म्हणजे वर न जातां जमिनीलगत सांचतो. त्याला स्वतःला वास नाहीं. आपल्याला येतो तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. हवेच्या शंभर भागांत त्याचे सुमारें दोन ते नऊ भाग झाले कीं एका ठिणगीनें भडका होतो, आणि ती ठिणगी विजेच्या बटणांतूनही पडते. म्हणून वास आला कीं बटण दाबूं नये, पंखाही लावूं नये. गॅस बंद करून दारें खिडक्या उघडाव्या आणि बाहेर पडावें. हा नियम सिलिंडराबरोबर येणाऱ्या कागदावर छापलेला असतो, आणि तो कागद कोणी वाचीत नाहीं. वाचला तरी तो हुकूम वाटतो. फॅरडेची वांकडी नळी ज्यानें पाहिली आहे त्याला तो हुकूम वाटत नाहीं. त्याला ती जड वाफ जमिनीवरून वाहतांना दिसते.

आणि या उणिवेची किंमत केवढी होऊं शकते याचें उदाहरण आमच्या मुंबईनें १९४४ सालीं पाहिलें. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज उभें होतें. त्यावर सुमारें १४०० टन स्फोटकें आणि त्याबरोबर कापसाचे गठ्ठे होते. दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरांत तर खालीं कापूस आणि वर स्फोटकें, अशी रचना होती. दुपारीं कापसांतून धूर येऊं लागला. दाबून बांधलेल्या गठ्ठ्याची आग ज्वाला न दाखवितां आंतल्या आंत धुमसत राहते, आणि वरून मारलेलें पाणी तिच्या गाभ्यापर्यंत सहजीं पोंचत नाहीं. बंबवाल्यांनीं तासचे तास पाणी मारलें. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या सुमारास दुसरा. शेकडों माणसें गेलीं. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. १४ एप्रिल हा आपल्या देशांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ.

फॅरडे आपल्या शेवटच्या व्याख्यानांत बंदुकीची दारू आणि गन-कॉटन शेजारीं ठेवून त्यांना तापलेल्या तारेनें स्पर्श करतो. गन-कॉटन तत्क्षणीं उडतें. दारूला तेवढी उष्णता पुरत नाहीं. प्रत्येक वस्तूची पेट घेण्याची पायरी निराळी, हें त्याला दाखवावयाचें होतें. त्याच पानावर तो आणखी एक वाक्य बोलला असता तर मला हवें होतें: म्हणून कोणती वस्तु कोणत्या वस्तूजवळ ठेवावी, हा शास्त्रांतला पहिला प्रश्न आहे. धुमसणारा कापूस आणि स्फोटक यांचा शेजार, मेणबत्ती आणि दारूच्या पिशवीचा शेजार, गॅसची गळती आणि विजेच्या बटणाचा शेजार, हा एकच दोष आहे. फॅरडे त्या पिशवीवरून सुखरूप उठला. फोर्ट स्टिकीनजवळ पाण्याचे नळ धरून उभे राहिलेल्यांना तें भाग्य लाभलें नाहीं. आणि तो शेजार त्यांनीं निवडलेला नव्हता.

तेव्हां या पुस्तकाचें मूल्यमापन काय करावें? निखळ ललित दृष्टीनें पाहतां हें इंग्रजी शास्त्रीय गद्यांतील एक उत्तम पुस्तक आहे. दृष्टापासून अदृष्टाकडे नेण्याची त्याची हातोटी मोठमोठ्या कथाकारांनीं अभ्यासावी अशी आहे. शेवटीं फॅरडे मुलांना मेणबत्तीसारखें होऊन भोंवतालीं प्रकाश द्या असा उपदेश करतो. तो त्या काळाच्या वळणाचा आहे, आणि आज कांहींसा गोड वाटला तरी खोटा वाटत नाहीं, कारण बोलणाऱ्याचें आयुष्य त्याच्या मागें उभें आहे. परंतु पुस्तक अपुरें आहे. त्यानें अग्नीचा अर्धाच स्वभाव सांगितला. उरलेला अर्धा सांगण्याचा अधिकार त्याच्या काळांत त्याच्याइतका क्वचितच कोणाला असेल, आणि तरी त्यानें तो वापरला नाहीं, ही माझी तक्रार आहे.

मराठींत ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ सालीं निघालें, तेव्हांपासून शास्त्र सोप्या भाषेंत सांगण्याची खटपट आपल्याकडे निष्ठेनें चालू आहे. अशी खटपट करणाऱ्या एखाद्या लेखकानें मनावर घेतलें, तर फॅरडेचें भाषांतर न करतां समईपासून आरंभ करून हें पुस्तक पुन्हा लिहितां येईल. तेल वातींतून कसें चढतें, काजळी कां धरते, विझल्यावर निघणाऱ्या धुराला काडी लावली तर काय होतें, हें सर्व त्यांत यावें. पण त्यानें समईजवळ थांबूं नये. कढई, सिलिंडर, कापसाचा गठ्ठा आणि पिठाची गिरणी येथपर्यंत त्यानें मुलांचा हात धरून जावें. मुलें भितील अशी शंका त्याला येईल. माझा अनुभव असा कीं, पेटत्या कढईसमोर मी भ्यालों होतों तो कारण ठाऊक नव्हतें म्हणून. आई भ्याली नाहीं, कारण तिच्या हाताला काय करावें तें ठाऊक होतें. ज्या मुलाला हें दोन्ही ठाऊक होईल, तें तांब्याकडे धांवणार नाहीं. आधीं गॅस बंद करील, मग परात शोधील.